गोळी वाजली टुक

सांगा बघू, विश्वास कुणावर ठेवायचा? "माझं माप कधी चुकत नाही" म्हणणाऱ्यावर? की हलवून बघणाऱ्यावर?
थांबा! आधी गोष्ट ऐका. मग सांगा.

एक होती मुंगी. तिचं नाव चिमी. चिमीला मिळाला गुळाचा खडा. घरी धाकटी बहीण भुकेली. चिमी निघाली तुरुतुरु, तुरुतुरु.
मैदानात कुणी ढकलत आणलं एक छोटं विमान. खेळण्यातलं, पण खरं उडणारं! आलं, आणि चाक थांबलं नेमकं खड्यावर.
खडा चाकाखाली! आता?

चिमी गेली विमानाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"विमाना, विमाना, हल ना!
माझा खडा मिळेना!"
विमान म्हणालं, "मी नाही हलणार. इंजिन फिरेना."

चिमी गेली इंजिनाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"इंजिना, इंजिना, फिर ना!
विमान हलेना,
माझा खडा मिळेना!"
इंजिन म्हणालं, "मी नाही फिरणार. पोटात तेल नाही. नळी तेल देईना."

चिमी गेली नळीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"नळीबाई, नळीबाई, तेल दे ना!
इंजिन फिरेना,
विमान हलेना,
माझा खडा मिळेना!"
नळी म्हणाली, "मी नाही देणार. नुसती हवा येते, फूस! माझ्या टोकाला पितळी गोळी आहे. गोळी तेलात बुडेना."

चिमी चढली तेलाच्या टाकीवर. तुरुतुरु, तुरुतुरु. टाकी दुधी काचेसारखी, आतली गोळी दिसे.
"गोळीताई, गोळीताई, बुड ना!
नळी तेल देईना,
इंजिन फिरेना,
विमान हलेना,
माझा खडा मिळेना!"
गोळी म्हणाली, "कशी बुडू गं? नळी झाली लांब. मी अडकले टाकीच्या भिंतीला, वरच! मोकळी असते, तर टुक टुक वाजले असते. कात्री नळी कापेना."

चिमी गेली कात्रीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"कात्रीबाई, कात्रीबाई, काप ना!
गोळी तेलात बुडेना,
नळी तेल देईना,
इंजिन फिरेना,
विमान हलेना,
माझा खडा मिळेना!"
कात्री म्हणाली, "माझी मी कशी उठू? मावशी मला उचलेना."

मावशी म्हणजे कुंदामावशी. विमान तिचंच. शेजारी इब्राहिमकाका हसत होते.
"काय कुंदाताई, हे विमान आहे की पाटा? जागचं हलेना!"
"गप्प बसा हो! इंजिनच खराब आहे."

चिमी चढली मावशीच्या हातावर. तुरुतुरु, तुरुतुरु.
"मावशी, मावशी, कात्री उचल ना!
कात्री नळी कापेना,
गोळी तेलात बुडेना,
नळी तेल देईना,
इंजिन फिरेना,
विमान हलेना,
माझा खडा मिळेना!"
मावशी म्हणाली, "मी नाही उचलणार. नळी मी मापून कापली. माझं माप कधी चुकत नाही!"
चिमी म्हणाली, "मग टाकी हलव. कानाशी धर. टुक वाजलं, तर मी चालले घरी."

मावशीनं टाकी काढली. कानाशी धरली. हलवली.
डुबुक डुबुक. हे तर तेल.
पुन्हा हलवली.
डुबुक डुबुक. टुक नाही!
"अगंबाई! मी टाकी बाहेरून मोजली! नळीचं बूच टाकीत आत किती जातं, ते मोजलंच नाही!"
काका म्हणाले, "मुंगी शहाणी निघाली हो!"
"निघाली खरी," मावशी म्हणाली. आणि मग काय!

मावशीनं कात्री उचलली. झप!
कात्रीनं जास्तीची नळी कापली. कच्च!
गोळी तेलात बुडली. टुक!
नळीनं तेल दिलं. गट गट गट!
इंजिन फिरलं. घर्रर्रर्र!
विमान हललं. सुर्रर्र! धावलं, उडालं, उंच उंच गेलं! वर जाऊन उलटं झालं. तरी गोळी तेलातच. टुक टुक!

आणि चिमीचा खडा? मिळाला! थोडा चपटा, पण गोड तेवढाच.
मावशीनं डबा उघडला. "चिमे, ही घे गुळाची अख्खी ढेप!"
चिमी म्हणाली, "नको गं. माझा एक होता. एकच नेते."
आणि निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. घरी बहीण म्हणाली, "आली, आली, ताई आली!"

आता सांगा, विश्वास कुणावर? आणि चिमीचे खडे किती? एक! दोन म्हणायचं नाही हं. बाळांनो, तुम्हीही हिशोब असाच खरा ठेवा. एकाला एक.