गुणवंत चार मंडपांचं फाटक सांभाळतो

एका गावात एक भोळा फाटकवाला होता. म्हणजे जन्मापासून तो नुसताच भोळा होता. फाटकवाला त्याला त्याच्या मामांनी केलं. गावाचं नाव हिंगणवाडी आणि भोळ्याचं नाव गुणवंत. नाव ठेवताना आईवडिलांनी जरा घाईच केली होती.

मामा म्हणजे हैबतराव मंडपवाले. त्या वर्षी शहरातल्या एका कंपनीनं गावचा माळ तीन दिवसांसाठी घेतला आणि तिथे तरुण पोरापोरींच्या गाण्यांची जत्रा भरवली. विलायती गाण्यांच्या चार पंथांचे चार मंडप: गॉथ, पंक, मेटल आणि इमो. चारी पंथांची पोरं काळे कपडे घालत, आणि आपण जगात कुणासारखेच नाही, असं चारी पंथांचं ठाम मत होतं. त्यामुळे एकाला दुसऱ्यात ढकललं की मोठा अपमान. गॉथला इमो म्हटलं तर तो दोन तास अबोला धरी. इमोला गॉथ म्हटलं तर तो रडे. मेटलवाला पुरावे देत बसे. पंकला तर पंक म्हटलं तरी तो भांडायला उठे.

मामा म्हणाले, "गुणवंता, फाटकावर तू ऱ्हा. ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या मंडपात धाड. तीन दिवस नीट केलंस, तर रोहिणी तुला दिली."

रोहिणी म्हणजे मामांची मुलगी. कोल्हापूरला शिकलेली, हुशार. तिला लहानपणापासून गुणवंत आवडायचा. का, ते तिलाच ठाऊक. गुणवंताला तर तिच्याशिवाय दुसरं काही सुचतच नसे. तसं त्याला एरवीही फारसं काही सुचत नसे.

पहिल्या दिवशी सकाळी रोहिणीनं त्याला शिकवलं, "काळे कपडे, जाळीच्या बाह्या, चांदीचे दागिने, संथ उदास गाणी. तो गॉथ. त्याला काळ्या मंडपात पाठव."

गुणवंतानं पहिले दोन शब्द पाठ केले. इतक्यात तालुक्याचे वकील मामांची सही घ्यायला आले, काळा कोट घालून. गुणवंतानं त्यांना काळ्या मंडपात नेऊन बसवलं. तासाभरानं वकील बाहेर आले आणि म्हणाले, "आमच्या कोर्टापेक्षा बरं चाललंय."

रोहिणीनं कपाळावर हात मारला. "अरे, नुसते कपडे काय बघतोस? चेहरा बघ. गॉथचा चेहरा पांढराफटक असतो."

"आधी सांगायचंस की," गुणवंत म्हणाला.

दुपारी गिरणीवाले सोपानतात्या मुदपाकखान्यासाठी पीठ घेऊन आले. गिरणीतून थेट निघालेले, भुवयांपर्यंत पांढरे. गुणवंतानं कपड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही; तात्यांना काळ्या मंडपात धाडलं. तिथली पोरं भारावून गेली. एका पोरीनं विचारलं, तुम्ही चेहऱ्याला काय लावता? तात्या म्हणाले, "जोंधळा." त्या दिवशी स्वयंपाकाला पीठ कमी पडलं.

"चेहरा सोड," रोहिणी म्हणाली. "दुसरी खूण सांगते. फाटके कपडे, जागोजागी सेफ्टी पिना, दीड मिनिटाचं गाणं आणि सगळ्या जगाशी भांडण. तो पंक. लाल मंडप."

दुसऱ्या दिवशी मामी भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आल्या. गुणवंतानं त्यांचे हात निरखले. बांगड्यांना पिना अडकवलेल्या होत्या, गावातल्या कुठल्याही बाईच्या असतात तशा.

"मामी, लाल मंडप."

"आरं, मी तुझी मामी हाय."

"व्हय, पण चौदा पिना हायत."

आत गेल्यावर मामींना त्या पोरांचे फाटके कपडे बघवेनात. सुईदोरा त्यांच्या बटव्यात असायचाच. संध्याकाळपर्यंत त्यांनी अकरा विजारी शिवून दिल्या. पोरं इतकी वर्षं व्यवस्थेविरुद्ध लढत होती, पण मामींपुढे कुणाची बोलायची छाती झाली नाही. नंतर पंथातच वाद पेटला, की शिवलेल्या विजारीतला पंक हा पंक म्हणावा की नाही.

रोहिणी रडकुंडीला आली. "तुला डोळ्यांनी जमत नाही. आता कानांनी ओळख. जो घसा फुटेस्तोवर ओरडतो आणि मान गरागरा फिरवतो, तो मेटल. करडा मंडप."

तिसऱ्या दिवशी सकाळी विजारींची भानगड मामांच्या कानावर गेली. ते लांबूनच ओरडत आले. काय ओरडत होते ते रागामुळे कळत नव्हतं. मान तर अशी हलत होती की टोपी उडून पडली. गुणवंतानं कान देऊन ऐकलं आणि चार स्वयंसेवकांना हाक मारली. त्यांनी मामांना अदबीनं उचलून करड्या मंडपातल्या स्टेजवर ठेवलं. मामांनी माइकवरून गुणवंताला वीस मिनिटं शिव्या दिल्या. कुणाला एक अक्षर कळलं नाही, आणि त्या संगीतात ते कळायचं नसतंच. पोरांनी मामांना आणखी एकदा म्हणायचा आग्रह केला.

मामा खाली उतरले तेव्हा आवाज बसला होता. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "संध्याकाळपातूर एक तरी माणूस बराबर धाड. न्हाईतर पोरीला विसर."

रोहिणीनं त्याचे दोन्ही खांदे धरले. "आता इमो एवढाच राहिला. निळा मंडप. केस कपाळावरून एका डोळ्यावर आलेले, दुसऱ्या डोळ्यात पाणी, आणि मनातलं दुःख समोरच्याला सांगत सुटतो. एवढं लक्षात ठेव. मी तोवर बाबांची समजूत काढते."

ती गेली. गुणवंत डोळ्यांत तेल घालून उभा राहिला. केस, पाणी, दुःख. केस, पाणी, दुःख.

मामांनी समजूत काढून घेतली नाही. संध्याकाळची वाट कशाला, सांगलीहून आलेल्या स्थळाला आत्ताच होकार कळवतो, म्हणाले. रोहिणी माळावरून धावत सुटली. वेणी सुटली, केस एका डोळ्यावर आले, दुसऱ्या डोळ्याला धार लागली. फाटकावर येऊन ती म्हणाली, "गुणवंता, बाबा नाही म्हणतात. पण मी हो म्हणते. मोटारसायकल काढ. आत्ताच्या आत्ता देवळात जाऊन माळा घालू. तुझ्याशिवाय मी जगायची नाही."

गुणवंतानं केस बघितले. पाणी बघितलं. दुःख शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तीन दिवसांत प्रथमच सगळ्या खुणा एका माणसात जुळल्या होत्या. आनंदानं त्याला गहिवरून आलं.

"निळा मंडप," तो म्हणाला. "उजव्या हाताला."

रोहिणीनं त्याच्याकडे एकदा बघितलं. मग ती उजव्या हाताला गेली.

गुणवंत धावत मामांकडे गेला. "मामा, एक बराबर धाडली." मामा तपासायला निळ्या मंडपात डोकावले. त्यांनी मुलीला बघितलं, फाटकाबाहेरची मोटारसायकल बघितली आणि पोरगी पळून जायला निघाली होती, हे ओळखलं. भाच्याच्या पाठीवर त्यांनी जन्मात पहिल्यांदा थाप मारली. "एकदम बराबर धाडलीस गड्या. पुढल्या वर्सीबी फाटक तुझंच."

ही बातमी रोहिणीला सांगायला गुणवंत निळ्या मंडपात शिरला. ती एका खुर्चीत बसली होती. डोळे कोरडे होते आणि केस मागे घट्ट बांधलेले होते. गुणवंतानं तिला नीट निरखून बघितलं आणि मंडपाबाहेर काढलं.