वैशाखातला सडा

एकदा एका गावाच्या माथ्यावर एक सडा होता. सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार, हे कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगितलं. कोकणातल्या माणसाला सांगायला गेलो तर तो मलाच वेड्यात काढील. त्या गावी भाऊ नावाचे एक वृद्ध वैद्य राहत. सड्यावरची फुलं ओळखणं, त्यांचे ऋतू जाणणं हे त्यांचं आयुष्यभराचं अध्ययन. उर्मिला त्यांची शिष्या. हुशार आणि उतावळी, दोन्ही सारख्याच प्रमाणात.

एका वर्षी शहरातून एक व्यापारी आला. त्याला जांभ्याचे चिरे, म्हणजे घरं बांधायचे तांबडे दगड, काढायला सडा हवा होता. सडा गावाच्या मालकीचा, त्यामुळे हो की नाही ते गावानेच ठरवायचं होतं. लोकांत कुजबुज सुरू झाली की एवीतेवी तो उजाडच पडलेला असतो, देऊन टाकावा. उर्मिलेला मात्र पुढचं दिसत होतं. एकदा का चिरे निघाले की तिथे पुन्हा काही उगवणार नव्हतं.

तिने भाऊंना गाठलं आणि विनवलं, की बैठक सड्यावरच घ्या, पण भाद्रपदात. सगळा सडा निळापिवळा झालेला असतो. तो पाहून व्यापारी हात जोडून परत जाईल. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि गावाला निरोप धाडला की बैठक सड्यावर होईल, वैशाखात.

आता काय म्हणावं या माणसाला? वैशाखात सड्यावर गवताची काडीसुद्धा हिरवी नसते. उर्मिला त्या दिवशी जेवली नाही. भाऊंची बुद्धी फिरली, असं आईजवळ म्हणाली आणि मग म्हटल्याबद्दल स्वतःच रडली.

ठरल्या दिवशी गाव सड्यावर चढलं. वर जाताना चपला खाली काढून ठेवायची तिथली रीत आहे, ती सगळ्यांनी पाळली. व्यापाऱ्याच्या माणसांनी कातळाच्या एका खोलगटात, मऊ मातीवर सतरंजी अंथरायला घेतली, तोच उर्मिला भान विसरून पुढे झाली.

"तिथे नको. खाली दीपकाडीचे कंद आहेत."

व्यापाऱ्याने वाकून पाहिलं. भेगाळलेल्या मातीवाचून त्याला काही दिसेना. मग मात्र त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. लोकांचे पाय कातळावर पोळत होते, तरी एकही माणूस मातीवर उभा नव्हता. प्रत्येक जण मातीला वळसा घालून आला होता. असं का, म्हणून त्याने विचारलं. त्याच्या प्रश्नाचंच नवल वाटून गावातल्या जानकीकाकू म्हणाल्या, "अहो, इथून आम्ही तेरड्याची गौर घरी नेतो. तिच्या अंगावर पाय कसा देणार?"

झालं, उर्मिलेची जीभ मोकळी झाली. एकेका खोलगटापाशी उभी राहून ती सांगू लागली. इथे आषाढात पांढरी दीपकाडी, त्या कडेला श्रावणात तेरडा, जिथे पाणी झिरपतं तिथे भाद्रपदात सीतेची निळी आसवं आणि मागाहून पांढरे गेंद. पिवळा कवला राहिला, असं कुणीतरी मागून सुचवलं. तेरडा आधी खालच्या वाडीच्या बाजूला फुलतो की वरच्या, यावर दोन वाड्यांची चांगलीच जुंपली. कालपर्यंत सड्याला उजाड म्हणणारे त्यात सर्वांत पुढे होते.

शेवटी सडा द्यायचा का, असं भाऊंनी विचारलं. एकही हात वर झाला नाही.

व्यापारी हसला. "माझ्या कुलूपबंद गोदामाला कुणी रिकामं म्हटलं तर मी त्याला वेडा म्हणतो," तो म्हणाला, "आज मीच तसं म्हणायला आलो होतो." सतरंजी त्याने स्वतः गुंडाळली आणि मातीला वळसा घालत तो उतरून गेला.

परतताना उर्मिलेने भाऊंना वैशाख निवडण्याचं कारण विचारलं. भाऊ म्हणाले, "पोरी, भाद्रपदात सड्याची बाजू फुलांनी मांडली असती. ती सुकल्यावर कोण बोललं असतं? फूल समोर असताना ते कुणीही ओळखतो. ते नसताना त्याची जागा आणि त्याचा महिना ठाऊक असणं, याला मी ज्ञान म्हणतो. ते गावाच्या पायांत होतं, तोंडात कधी आलं नव्हतं. आज आलं."

"आणि गाव गप्प राहिलं असतं तर?"

"तर फुलं असतानाही सडा वाचला नसता." मग ते म्हणाले, "आज मला या गावाचा फार अभिमान वाटला. तुझाही."

उर्मिलेने वळून पाहिलं. सडा तसाच रखरखीत होता. ती ताठ मानेने घरी गेली आणि पोटभर जेवली.

आपल्याही गावच्या माळावर आत्ता काही फुललेलं नसेल. पाऊल टाकण्याआधी खाली काय आहे, एवढं विचारून घ्यावं.