मिटेनासा झालेला चाकू

फार वर्षं झाली बघा, लोखंडालाही जीभ होती तेव्हाची गोष्ट. रखमाजी माळ्याच्या बंडीच्या खिशात घडीचे दोन चाकू राहत. दोघे एकाच लोहाराच्या हातचे. थोरल्याची शिंगाची मूठ जाड, पातं नखानं ओढून दोन्ही हातांनी उघडावं लागे. धाकटा नवा, सडपातळ. अंगठा लावला की खट्‌ उघडे आणि आतली खिटी पातं ताठ धरून ठेवी. आंब्याची कलमं बांधताना रखमाजी आता त्यालाच हात घाली.

थोरल्याच्या पोटात दुखू लागलं. हा मला खिशातून काढणार!

"कालचं पोर तू! तुला एवढा मान कशाचा रे?"

"दादा, मी उघडलो की हलत नाही. एवढंच."

"एवढंच ना? मग बघच माझा ताठा!"

दुसऱ्या दिवशी धाकट्याला धार लावायची होती, म्हणून रखमाजीनं थोरल्याला उघडलं. थोरल्यानं सांधा असा आवळला, की काम संपलं तरी मिटेचना. रखमाजीनं तेल सोडलं, दाबून पाहिलं. थोरला जास्तच ताठला.

"उघडं पातं खिशात घालून पोट फाडून घेऊ का?" म्हणत रखमाजीनं तो घरी बायकोपुढं टाकला.

"बरं झालं," भागीरथी म्हणाली, "विळीची धार गेलीय. भेंडी चिरायला होईल."

सकाळी धाकटा खट्‌ मिटला, खिशात शिरला आणि आमराईकडे निघाला. थोरला चुलीपाशी उघडाच पडून बघत राहिला. आता त्याला धाकट्याच्या ताठ राहण्याचा हेवा वाटत नव्हता, मिटण्याचा वाटत होता.