दखल न घेण्याजोगी बाई

भयकथा लिहिणाऱ्या कुमुदिनी रेग्यांची ऑनलाइन विश्वकोशातली नोंद उडवायचा विडाच समीक्षक डॉ. हर्डीकरांनी उचलला होता. ‘ही बाई दखल घेण्याजोगी नाही,’ असा पानभर लेख त्यांनी रविवारच्या पुरवणीत छापून आणला. वर भर साहित्य मेळाव्यात बाईंना हटकलं, “विश्वकोशाचा नियम साधा आहे, मान्यवरांनी दखल घेतली असेल तरच नोंद राहते. कुणा मान्यवर समीक्षकानं तुमच्यावर सविस्तर लिहिलंय? दाखवा एक तरी लेख!”

लोकांना घाबरवण्यात जन्म गेलेल्या बाई याला थोड्याच घाबरणार? त्यांनी पिशवीतून तीच पुरवणी काढून डॉक्टरांपुढे पसरली.

“हा घ्या, चांगला पानभर आहे. आता एक तर माझी नोंद राहू द्या, नाहीतर आपण मान्यवर नाही असं इथंच सांगून टाका.”



नोंद आजही जागेवर आहे. तळाशी संदर्भ एकच: डॉ. हर्डीकर.