भुरक्याची उडी

माणसांनी डोंगरात अजून वाटा पाडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. भुरक्या नावाचा एक शेकरू फणसाच्या झाडावर राहायचा. बसल्या जागी गरे खाऊन खाऊन तो इतका गुबगुबीत झाला, की ओढ्यापलीकडच्या जांभळीवर उडी मारायची त्याची हिंमतच होईना. आणि पलीकडे त्याच्या बहिणीला, तुरीला, पिल्लं झालेली!

भुरक्यानं चंगच बांधला. पहिल्या दिवशी काही न खाता तो नुसता फांद्यांवरून धावत सुटला. दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं, भूक खवळली आणि त्यानं अख्खा फणस फस्त केला.

"संपलं सगळं, काकू," तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या म्हाताऱ्या खारीला म्हणाला. "माझ्याच्यानं हे व्हायचं नाही."

"काल जास्त खाल्लंस, म्हणून आज पाय मोडलेत का?" खार म्हणाली. "चल, शेंड्यापर्यंत जाऊन येऊ. मग चार गरे खा आणि गप झोप."

तेव्हापासून दोघं रोज सकाळी शेंड्यावर जाऊ लागली. मधूनच भुरक्याचा ताबा सुटायचा आणि तो तडस लागेपर्यंत खायचा. पण दुसऱ्या सकाळी, कुरकुरत का होईना, निघायचाच.

जांभळं पिकली तेव्हा त्यानं डोळे मिटून उडी घेतली. जांभळीची फांदी वाकली, करकरली, पण तुटली नाही.

"मामा आला!" पिल्लं ओरडली. तुरीनं जांभळांचा ढीग पुढे केला. "दादा, पोटभर खा."

भुरक्यानं मूठभर जांभळं खाल्ली आणि शेपटी झटकून तो उठला. "बाकीची उद्या. आधी मला तुमच्या झाडाचा शेंडा दाखवा."

पिल्लं पुढे आणि मामा मागे, अशी वरात खिदळत वर निघाली.