पडलेल्याचा चहा

“लीडर ती का, सर? मी का नाही?”

मयुरेश बोरस्तेने हे टिपणीस सरांना विचारलं तेव्हा त्याच्या कपाळावर हेडसेटच्या पट्ट्याचा लाल वळ तसाच होता. घाम पुसायच्या आधी भांडायला आला होता.



टिपणीस सर म्हणजे हवाई दलातले जुने लढाऊ वैमानिक. मी शेवाळे, त्यांच्या विमानाचा फिटर. रिटायर झाल्यावर दोघंही देवळालीतच राहिलो. सरांनी गॅरेजमधली मोटार काढून टाकली आणि तिथे दोन खुर्च्या मांडून कॉम्प्युटरवर उडायचा क्लब काढला. खुर्चीपुढे दांडा, पायाशी पेडल, बाजूला कॉम्प्युटर, आणि डोक्याला तो हेडसेट. तो डोळ्यांवर चढवला की गॅरेज जातं, भिंतीवरचं कॅलेंडर जातं, आणि माणूस थेट लढाऊ विमानाच्या काचेखाली बसलेला असतो. मागे बघायचं तर खरोखरची मान वळवावी लागते.

मी त्याला ढापण म्हणतो. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना बांधतात ते. पोरं चिडतात, चिडू देत.

आमच्याकडे जोडीने उडतात, शत्रूची विमानं कॉम्प्युटर उडवतो. पुढे लीडर, मागे जोडीदार. लीडरने लढायचं आणि जोडीदाराने त्याची पाठ सांभाळायची. मागून कोणी आलं की माइकवर ओरडायचं, एवढंच काम. आणि सरांचा एक जुना नियम आहे. जो पडला, त्याने उठून सगळ्यांना चहा करायचा. पडलेल्याने मान खाली घालून बसू नये म्हणून म्हणे. चहा मात्र सगळे आवडीने पितात.

त्या रविवारी सकाळी सुवर्णा गांगुर्डे पडली होती. शेजारच्या स्वयंपाकघरात ती आलं ठेचत होती, त्याची ठकठक बाहेर ऐकू येत होती.

भांडण तिच्यावरूनच होतं.

सुवर्णा एसटीत कंडक्टर आहे. आठ महिन्यांपूर्वी सहज बघायला म्हणून आली आणि राहिली. क्लबचा जुना हेडसेट वापरते, त्याचा पट्टा तुटलाय म्हणून मी नाडी बांधून दिली आहे. मयुरेशचं तसं नाही. तो चार वर्षं येतोय. हेडसेट स्वतःचा, सगळ्यात भारी. पुढच्या रविवारी पुण्याची जोडी आपलं सामान घेऊन आमच्याशी लढायला येणार होती, आणि चार वर्षं तो त्याच दिवसाची वाट बघत होता. शुक्रवारी सरांनी फळ्यावर लिहिलं : लीडर गांगुर्डे, जोडीदार बोरस्ते.

तेव्हापासून पोरगा धुमसत होता.

“आज काय झालं ते बघितलंत ना?” तो म्हणाला. “ती पडली. मी परत आलो. तिला ज्याने पाडलं त्यालाही मीच पाडलं. आणखी काय पाहिजे?”

“तो तिच्या मागे आला, तेव्हा तू कुठे होतास?” सरांनी विचारलं.

“मागेच होतो.”

“मग?”

“दिसला नाही, सर. सूर्याच्या अंगाने आला, डोळे दिपले.”

सर गप्प...

खोटं बोललेल्या माणसाला समोरच्याचं गप्प बसणं सोसत नाही. मयुरेशलाही सोसेना.

“आणि माइकही बंद होता,” तो म्हणाला. “शेवाळे काकांनी वायर नीट खोचली नव्हती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं विमानं सांभाळली, माझ्या हातची एक वायर कधी सुटली नाही. मी तोंड उघडलं. सरांनी एक बोट वर केलं. मी तोंड मिटलं.

“दिसलाच नव्हता,” सर सावकाश म्हणाले, “तर माइक कशाला हवा होता?”

मयुरेशने माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे बघितलं.

“हेडसेट घाल,” सर म्हणाले.

“परत उडायचं?”

“नाही. नुसतं बसायचं.”

सरांनी मला खूण केली. मी कॉम्प्युटरवर सकाळच्या उड्डाणाची नोंद लावली.

आता ही नोंद म्हणजे काय ते सांगतो. कॉम्प्युटर सगळं टिपून ठेवतो. विमान कुठे होतं, दांडा किती ओढला, गोळ्या कधी सुटल्या, माइकवर कोण काय बोललं. हे मयुरेशला ठाऊक होतं. पण पोरगा मूळचा साध्या पडद्यावर शिकलेला, तिथे एवढंच राहतं. ढापण आणखी एक गोष्ट टिपतं, ती त्याच्या ध्यानातच आली नाही. माणसाची मान कुठे वळली होती, तेही त्यात राहतं.

आपलीच नोंद हेडसेट घालून बघणं हा वाईट प्रकार असतो. मान इकडे सरळ असते आणि डोळ्यांपुढचं जग आपोआप वळतं. जेवून बसलं तर ओकारी येते. मयुरेशने खुर्चीचे हात धरले. भिंतीवरच्या टीव्हीवर आम्हालाही तेच दिसत होतं, त्याच्या डोळ्यांनी बघितलेलं.

निळं आकाश. पुढे सुवर्णाचं विमान.

नजर डावीकडे गेली... परत सुवर्णाकडे. वर गेली... परत सुवर्णाकडे. जोडीदाराने आकाश राखायचं असतं. घरी चालू राहिलेल्या गॅसकडे मन जावं, तशी याची नजर तिच्यापाशीच परत येत होती.

मग उजवीकडे एक ठिपका दिसला. नजर त्याच्यावर गेली आणि थांबली.

“एक,” सर म्हणाले.

ठिपक्याला पंख दिसू लागले.

“दोन... तीन...”

ते विमान वळून सुवर्णाच्या शेपटीमागे आलं. नजर त्याच्यावरून तिच्यावर गेली. तिच्यावरून परत त्याच्यावर.

“सहा... सात...”

स्पीकरमधून मयुरेशचा श्वास ऐकू येत होता. चांगला स्पष्ट. माझी वायर जागेवर होती.

“दहा... अकरा.”

गोळ्या सुटल्या. सुवर्णाचं विमान पेटलं आणि खाली गेलं. त्यानंतर मयुरेशने नाक वळवलं आणि शत्रूला पाडलं. नेम छान होता, त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

“काढ,” सर म्हणाले.

मयुरेशने हेडसेट काढून मांडीवर ठेवला. आतली ठकठक थांबली होती, आता पातेल्याचा आवाज येत होता.

“अकरा सेकंद काय बघत होतास?”

मयुरेशने हेडसेटची वायर बोटाला गुंडाळली.

“मयुरेश.”

“ती मागे वळून बघते का, ते बघत होतो.” त्याने खालीच बघत उत्तर दिलं. “ती नेहमी बघते. म्हटलं, बघेल आणि सुटेल. नाही बघितलं तर... तर नाही.”

“आणि तुझ्या मनात काय होतं? बघावं की न बघावं?”



“जळतो मी तिच्यावर,” तो म्हणाला. “चार वर्षं इथे मरतोय, सर. दोन दिवाळ्या घरी गेलो नाही. ती ड्यूटीवरून येते, पाणी पिते, नाडीचा हेडसेट बांधते आणि तिला सगळं दिसतं. मला शोधावं लागतं, तिला दिसतं. तुम्ही तिच्या उड्डाणाला ‘हं’ म्हणता. मला चार वर्षांत एकदाही म्हणाला नाहीत. मी मोजतो. रात्री अंथरुणात तिचे ‘हं’ मोजतो.”

सरांचं ‘हं’ म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. मला तीस वर्षांच्या नोकरीत दोनदा मिळालं. दोन्हींच्या तारखा सांगू शकतो.

खरं सांगायचं तर त्या घडीला मला पोराची दया आली. मीही अख्खी नोकरी शिडी लावून दुसऱ्यांना विमानात चढवलं आणि खाली उभं राहून जळलो. माझ्यापेक्षा चार बुकं जास्त शिकली म्हणून ती माणसं वर आणि मी तेलकट चिंधी घेऊन खाली. पण त्यापायी मी कोणाच्या विमानाचा एक स्क्रू सैल ठेवला नाही. हे आठवलं, आणि माझा राग परत जागेवर आला.

“मीही जळतो,” सर म्हणाले.

मयुरेशने मान वर केली. “तुम्ही? कोणावर?”

“तुम्हा दोघांवर.”

सरांनी खांद्यावरून मागे बघायचा प्रयत्न केला. नाक बोटभर सरकलं आणि अडलं. गळ्याची शीर ताठ झाली, डोळे कोपऱ्यात गेले, पण मान जागची हलेना. लढाऊ विमानातल्या ओढाताणीत त्यांच्या मानेचे मणके कामातून गेले आहेत. मागे काही बघायचं असलं की ते सलूनमधून आणलेल्या जुन्या फिरत्या खुर्चीसकट फिरतात. हेडसेट त्यांनी एकदाच घातला होता. मागून आलेल्याने तिसऱ्या मिनिटाला पाडलं. त्या दिवशी चहा त्यांनी केला होता, आणि परत कधी हेडसेट मागितला नाही.

“तुम्ही मान वळवता ना,” सर म्हणाले, “तेव्हा जळतो. रोज.”

“मग... काय करता?”

“वळवायला शिकवतो.”

मयुरेशने डोळे पुसले. हेडसेटच्या वळावरून हात फिरवला.

“मला काढा, सर,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी तिच्या मागे दुसरं कोणी द्या. माझा भरवसा नाही.”

मीही हेच म्हणणार होतो, पोराने आधीच म्हटलं.

तेवढ्यात सुवर्णा दारात आली. हातात सांडशी, ओढणी कमरेला खोचलेली.

“उकळी आलीय. कमी साखर कोणाला?” तिने आमच्या तोंडांकडे बघितलं. “काय झालं? सुतकात बसल्यासारखे का बसलात सगळे?”

टीव्हीवर नोंद थांबली होती, नुसतं रिकामं आकाश होतं.

“सुवर्णा,” सर म्हणाले, “तू दर चार-पाच सेकंदांनी मागे बघतेस.”

“गाडीतली खोड आहे, सर. मागच्या सीटवर कोण काय करतंय ते बघत राहावं लागतं. नाहीतर तिकीट न काढता उतरतात.”

“आज अकरा सेकंद बघितलं नाहीस.”

तिने जरा आठवून पाहिलं. सांडशी या हातातून त्या हातात घेतली.

“मागे मयुरेश होता ना,” ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. टोमणा नव्हता. असता तर पोराला सोपं गेलं असतं.

मग तिला काय वाटलं कोणास ठाऊक, ती त्याच्याकडे वळली. “तुझा माइक गेला होता का रे? जाऊ दे, होतं असं. मी पण मेली पुढेच बघत राहिले.”

मयुरेशचे कान लाल झाले. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही... माइक तर आता कुठेच नव्हता.

“रविवारीही तुझ्या मागे तोच असेल,” सर म्हणाले.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“मग, दुसरं कोण असणार?” सुवर्णा म्हणाली. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. आत चहा उतू जायला आला होता, फसफस ऐकू आली तशी ती वळली.

“सुवर्णा, थांब.”

ती थांबली.

“सांडशी त्याला दे.”

“अहो सर, पडले तर मी.”

सर पायाने रेटा देऊन खुर्चीसकट वळले आणि मयुरेशच्या समोर येऊन थांबले.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “सांडशी त्याला दे.”