लायकीची रांग

वसईच्या किनाऱ्यावरचे इनास आणि पावलू हे दोघे पुरुष चौदा वर्षं एका होडीत कमावत होते आणि एका घरात नवराबायकोसारखे राहत होते. पावलूचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा दोघांनी फादरकडे एवढंच मागितलं, की त्याआधी आम्हा दोघांना मिळून आशीर्वाद द्या. फादरनी विषय चर्चच्या कारभारी मंडळापुढे, पॅरिश कौन्सिलपुढे ठेवला. तिथे पुढच्याच खुर्चीत रेमंड तुस्कानो बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा आणि त्याहून कडक मान.

"आशीर्वाद लायक माणसाला मिळतो!" ते गरजले. "चर्च म्हणजे काय धर्मशाळा आहे?"

मागे बसलेल्या एस्तेरमावशीने, गावच्या जुन्या सुईणीने, हे ऐकलं आणि तिचं डोकं सणकलं. पण आवाज तिने लोण्यासारखा मऊ ठेवला.

"रेमंडभाऊ, ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या आधी आपण काय म्हणतो हो? म्हातारीला आठवत नाय."

रेमंडसाहेब खूश झाले. छातीवर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाले, "प्रभो, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी लायकी नाही!"

"मग उठून घरी जाता?"

"घरी कशाला? प्रसादाच्या रांगेत उभा राहतो. सगळ्यात पहिला!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"म्हणजे दर रविवारी देवाला लायकी नाही म्हणून सांगायचं, आणि पहिला नंबरही आपणच लावायचा," मावशी उठत म्हणाली. "ती रांगच नालायकांची आहे, भाऊ. जरा पुढं सरका, या दोघांनाही उभं राहू द्या."